होडीतला दगड

रविवारी सकाळी मी पोह्यांची बशी हातात घ्यायला आणि भाच्याने वही पुढे सरकवायला एकच गाठ पडली. "आत्या, एवढं एकच राहिलंय." आठवीतल्या मुलाचं 'एवढं एकच' कधीच एक नसतं, हे मला ठाऊक आहे. पण वहीत बघितलं तर गणितात एकही आकडा नव्हता, म्हणून मी फसले.

एका हौदात होडी तरंगते आहे. होडीत माणूस बसला आहे आणि त्याच्याजवळ एक मोठा दगड आहे. माणसाने दगड उचलून हौदात टाकला. आता हौदातल्या पाण्याची पातळी वाढेल, कमी होईल की तेवढीच राहील? कारण लिहा.

"वाढेल," मी म्हणाले. "दगड पाण्यात पडल्यावर पाणी वाढणारच." इतक्या खात्रीने म्हणाले, की त्याने पेनाचं टोपण काढलंसुद्धा. तेवढ्यात दादा पेपराआडून म्हणाला, "तेवढीच राहील. दगड आधीही हौदातच होता, नुसती जागा बदलली." तेही पटलं. आई कढईत चमचा फिरवत म्हणाली, "टाकायचाच होता तर होडीत घेतला कशाला?" हा प्रश्न परीक्षेत विचारत नाहीत, पण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. पाठ्यपुस्तकातली माणसं नेहमीच अशी वागतात. कुणी हौदात होडी घालतो, कुणी नळ आणि गळती एकाच वेळी चालू ठेवतो, आणि निस्तरायचं आठवीतल्या पोरांनी.

उत्तर आहे: पातळी कमी होते. आम्ही दोघंही चुकलो होतो. मात्र हेच कोडं जॉर्ज गॅमॉव, रॉबर्ट ओपेनहायमर आणि फेलिक्स ब्लॉख या बड्या भौतिकशास्त्रज्ञांना घातलं तेव्हा तिघंही चुकले, असं सांगतात. यातल्या ब्लॉखना १९५२ सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. हे मी दादाला मुद्दाम दोनदा वाचून दाखवलं.

भाच्याला अर्थातच ते पटेना. "पाणी खाली कसं जाईल? दगड काय पाणी पितो का?" मग आईचं वीस सेंटिमीटर रुंदीचं पातेलं, पोळ्यांचा छोटा डबा आणि माळ्यावरून बाबांच्या दुकानातल्या तराजूचं अर्ध्या किलोचं लोखंडी वजन, एवढी सामग्री जमली. पातेल्यात पाणी, पाण्यात डबा, डब्यात मधोमध वजन. जरा कडेला सरकलं की डबा कलायचा आणि तिघांचाही श्वास अडकायचा. पाणी जिथवर आलं तिथे भाच्याने पातेल्याला पेनाने खूण केली. आईने ती पाहिली. काही बोलली नाही, पण पाहिली.

मग वजन अलगद उचलून पाण्यात सोडलं. डबा टुणकन वर आला आणि पाणी खाली गेलं. चांगलं दिसेल इतकं. पट्टी लावली तर एक सेंटिमीटर आणि वर चार बारीक रेघा.

हिशोब करायला बसलो तर तोही तेवढाच निघाला, आणि हा आनंद मला शाळेत कधी झाल्याचं आठवत नाही. वजन डब्यात असतं तेव्हा ते तरंगतं. तरंगणाऱ्या वस्तूचा सगळा भार पाण्याला पेलावा लागतो, म्हणून ती आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. अर्ध्या किलोसाठी अर्धा लिटर. तेच वजन तळाशी जाऊन बसलं की त्याचा बराचसा भार पातेल्याच्या बुडावर जातो आणि पाण्याने फक्त जागा करून द्यायची उरते. लोखंड पाण्याच्या सुमारे ७.८ पट जड, म्हणजे अर्ध्या किलोला जागा लागते जेमतेम ६४ मिलिलिटर. कुठे ५०० आणि कुठे ६४! मधल्या फरकाइतकं पाणी खाली उतरलं. बुडालेली वस्तू पाण्याला कमी जड जाते, असं काहीसं विचित्र वाक्य मी भाच्याला सांगितलं. त्याने ते वहीत लिहिलं नाही. शहाणा आहे.

पातेलं पुसताना मला आजोळची विहीर आठवली. भरलेली कळशी पाण्यात असेपर्यंत दोर कसा हलका यायचा, जणू टोकाला काही बांधलेलंच नाही. पाण्यातल्या पाण्याला वजन नसतं. ओढायचं ते नुसतं पितळ, त्यातूनही थोडी सूट. कळशी पाण्याबाहेर डोकं काढायला लागली की दोर तळहातात रुतायचा. मामी त्याच्या क्षणभर आधी म्हणायची, "आता धर हां नीट." मी तेव्हा समजायचे, की कुणीतरी खालून सोडून दिलं. आज वाटतं, माझी समजूत फारशी चुकली नव्हती.

भाच्याच्या पुस्तकात न्हाणीघरातून उघडाच पळालेला आर्किमिडीजही आहे. आठवीच्या मुलांना तो पळणाराच लक्षात राहतो. पण राजाच्या सोन्याच्या मुकुटात चांदी मिसळली आहे का, हे त्याने सांडलेल्या पाण्यावरून ओळखलं, ही गोष्ट आर्किमिडीजच्या स्वतःच्या लिखाणात नाही. ती सांगितली व्हिट्रूव्हियस नावाच्या रोमन वास्तुकाराने, सुमारे दोनशे वर्षांनी. पातेल्याच्या अनुभवावरून मला तिच्यात एक अडचण दिसते. मुकुट एक किलोचा आणि त्यात ३०० ग्रॅम चांदी मिसळली आहे असं धरा. शुद्ध सोन्यापेक्षा त्याचं आकारमान वाढतं साधारण १३ मिलिलिटरने. आमच्या पातेल्यात तेवढ्याने पाणी अर्धा मिलिमीटरही चढत नाही. मुकुट ओला काढताना त्याहून जास्त थेंब सांडतील. गॅलिलिओलाही ही गोष्ट अशीच खटकली होती. १५८६ साली, बाविसाव्या वर्षी, त्याने एक छोटं टिपण लिहिलं: असल्या माणसाने असा ढोबळ उपाय केला नसणार, त्याने तराजूच्या एका बाजूचा मुकुट पाण्यात बुडवून तोलला असणार. मला गॅलिलिओचं पटतं. सोनाराकडे एक रतीही सोडत नाहीत, तिथे राजा न्हाणीघराच्या हिशोबावर कसा विसंबेल? पण तराजू घेऊन शांतपणे बसलेला आर्किमिडीज कुणाच्या लक्षात राहिला असता!

"आता शेवटचं," भाचा म्हणाला. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यात बर्फाचा खडा तरंगतो आहे. बर्फ वितळल्यावर पाणी सांडेल का? या वेळी मी आधी विचार केला. खड्याचा साधारण बारावा हिस्सा पाण्याबाहेर डोकावत असतो. पण वितळून झालेलं पाणी खड्याने आधीच अडवलेल्या जागेत बरोब्बर मावतं. सांडत नाही. "कशावरून?" तो म्हणाला. आता तो माझं ऐकून काही लिहिणार नव्हता.

फ्रीजमधून खडा काढला, पेला काठोकाठ भरून ओट्यावर ठेवला, खाली कोरडा कागद अंथरला. सांडलं तर कागद सांगेल. वितळायला वेळ लागणार म्हणून आम्ही दोघं गच्चीत गेलो.

परत आलो तेव्हा कागद कोरडा ठणठणीत होता आणि पेला रिकामा. "इतका काठोकाठ कुणी भरतं का रे?" आई म्हणाली. "पण गार छान होतं."