त्याचं पाणी त्याचंच

जुलैतल्या एका दुपारी बेल वाजली. दारात दोघीजणी. एकीच्या हातात टॉर्च, दुसरीच्या हातात वही. डेंग्यूची तपासणी. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली, सगळं रीतसर बघून झालं आणि टॉर्चवाली बाल्कनीत टांगलेल्या घटपर्णीपाशी थबकली. पानापानाच्या टोकाला तंतू, आणि तंतूला लोंबणारा हिरवट-तांबूस घट. तिने एकात उजेड टाकला.

"ताई, यात पाणी साचलंय."

"साचलेलं नाही. झाडानेच केलंय ते."

"म्हणजे पावसाचं?"

"नाही हो. घट उघडायच्या आधीपासूनच आत असतं."

तिने वहीवालीकडे बघितलं. वहीत तसा रकाना नव्हता. "आठवड्याच्या आठवड्याला ओतून टाकत जा," असं सवयीने सांगून त्या निघाल्या. त्या पाण्यातच झाडाचं जेवण पचतं, ओतलं तर ते उपाशी राहील, हे मला सुचेपर्यंत त्या वरच्या मजल्यावर पोचल्या होत्या.

उपाशी हा शब्द आमच्या घरात तसाही जपून वापरावा लागतो. आईच्या राज्यात कुणी उपाशी राहत नाही. तांदळाचं धुवण गुलाबाला, चहाचा चोथा जास्वंदीला, ताकाचं भांडं विसळलेलं पाणी कढीपत्त्याला, अशी तिची वाटणी ठरलेली. घटपर्णी आली आणि मी बजावलं, हिला काहीही घालायचं नाही. खत नाही, धुवण नाही, ताक तर नाहीच. आईने कुंडीत बोट घालून बघितलं. माती नव्हतीच. धुऊन घेतलेलं कोकोपीट, पर्लाइट, थोडं स्फॅग्नम मॉस.

"यात आहे काय?"

"काही नाही."

"मग जगतंय कशावर?"

आता हिला कसं सांगायचं, की काही नसण्यावरच. जिथे ही झाडं वाढतात तिथली जमीन पावसाने धुऊन धुऊन निकस झालेली. मुळांना नत्र मिळेना, म्हणून पानांनी मुंग्या धरायला सुरुवात केली. अशा मुळांना खत घातलं की ती जळतात. आईने ऐकून घेतलं, पण तिच्या चेहऱ्यावर मी सासुरवाशिणीचा छळ करत असल्याचा भाव होता.

पाण्याचं तर विचारूच नका. आमच्या सोसायटीत उन्हाळाभर टँकर येतो, आणि ते बोअरचं क्षारांचं पाणी या झाडाच्या मुळावर उठतं. म्हणून मी टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन घेतलं. आकडा पन्नासच्या आत असेल तर झाड खूश. तेव्हापासून मला एक खोड लागली आहे. पेन पर्समध्येच असतं. कुणाच्या घरी गेले आणि समोर पेला आला, की यजमानाची पाठ वळल्यावर हळूच बुडवून बघते. माझ्या एका भाचेसुनेचं आरओ सत्तरच्या घरात आहे, तिच्याबद्दल माझं मत फार चांगलं आहे. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र चांगलंच खाली असतं, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे एसी लागतो तो कोणासाठी, यावर वाद नको. तरीही पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात तंतूच्या टोकाचे इवलेसे घट भरण्याआधीच वाळतात. पाऊस लागला की कठड्यावर पातेली मांडायची, आणि मग घटही धरायला लागतात.

शाळेत या झाडाची आकृती काढावी लागायची. मला ती फार आवडे. एचबी पेन्सिलला टोक काढून आधी पोट, मग गळा, मग ते झाकण. आतल्या पाण्यासाठी तुटक रेघा, आणि पाण्यात एक माशी. माशी मी इतकी मन लावून काढायचे, की शेजारचीने एकदा ती उडवायला वही झटकली होती. बाई सांगायच्या, माशी आत गेली रे गेली की झाकण खट्‌कन बंद. वर्ग गपगार. पुढचं सगळं आम्ही मनातल्या मनात बघून घ्यायचो.

झाकण मुळी मिटतच नाही. एकदा उघडलं की घट वाळेपर्यंत उघडंच. पावसाचं पाणी आत जाऊन रस पातळ होऊ नये, हे त्याचं काम. खरी करामत काठाची. तो ओला झाला की मुंगीचे पाय सटकतात. माझ्या बाल्कनीत मी स्टूल टाकून बराच वेळ बसते, पण मुंग्याही पुण्याच्याच. काठावर येतात, गोड काय ते चाटतात आणि परत जातात. एखादीच घसरते.

परवा साताऱ्याची मावशी आली होती. तिला हे झाड घरात असणंच पटलं नव्हतं. "शाकाहारी घर आपलं! आणि हे आणलंयस कुठून?"

मी सांगितलं, आपल्या देशात याची एकच जात आहे, मेघालयात. जराईनकडे, बाघमाऱ्याला. तिचा जंगलातून उपसा फार झाला, आता तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. ही आपली साधी, फिलिपाइन्सच्या दोन जातींचा संकर, फांद्या लावून वाढवलेली.

"पण खाते ना मुंग्या?"

मग मीही ऐकवलं. ती दर सप्टेंबरला कासच्या पठारावर जाते ना, सीतेच्या आसवांचे फोटो काढायला? त्या निळ्या-जांभळ्या फुलांच्या मुळाशी, चिखलात, बारीक बारीक फुगे असतात. पाण्यातला सूक्ष्म जीव फुग्याच्या दाराशी आला की दार उघडून तो आत ओढला जातो आणि दार बंद. आमच्या बाईंचं खट्‌कन मिटणारं झाकण साताऱ्याच्या चिखलात आहे!

मावशी जरा वेळ गप्प बसली. "सीतेला तरी सोडायचं होतंस," म्हणाली. मग, "बरं, श्रावणात काय करतं हे?"

श्रावण पाळणारी जातही आहे. निदान अर्धवट. नेपेन्थिस ॲम्प्युलॅरिया. तिचे बुटके गोल घट जमिनीलगत झुबक्याने येतात, झाकण मागे वळलेलं, त्यामुळे वरून पडणारा पालापाचोळा थेट आत. बरंचसं नत्र ती त्यातूनच घेते. आणि मलेशियात तिच्याच घटांत चिकट तांदूळ आणि नारळाचं दूध भरून वाफवतात.

इतका वेळ शेंगा सोलत बसलेल्या आईने मान वर केली.

"मोदकपात्रात?"

"अगं, आपले घट लांबट आहेत, कंबरेत बारीक. आणि आत मुंग्या."

"धुऊन घ्यायचे," आई म्हणाली, आणि इंद्रायणी चालेल की आंबेमोहोर, हे मावशीला विचारू लागली.