बिस्बी (ॲरिझोना) ट्रिप – शॅटकाइट (तांब्याचं एक निळं खनिज) बघायला जायचं असेल तर

टूसॉनहून बिस्बी साधारण दीड तास, बेन्सनला आय-१० सोडून हायवे ८० पकडायचा आणि टूमस्टोनमार्गे जायचं. टूमस्टोनला बंदुकांची नाटकं चालतात, लहान मुलं सोबत असतील तर थांबा, नाहीतर सरळ पुढे. बिस्बी साडेपाच हजार फुटांवर आहे त्यामुळे वर हवा मस्त असते, पण गावात जिकडे तिकडे चढ आणि पायऱ्या, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जा.

आमच्यासारखे दगडवेडे इथे जातात ते शॅटकाइटसाठी. तांबं, सिलिका आणि हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असलेलं हे खनिज, १९१५ मध्ये इथल्याच शॅटक खाणीतून पहिल्यांदा नोंदवलं गेलं आणि खाणीचंच नाव त्याला मिळालं. रंग म्हणाल तर आजी पांढऱ्या कपड्यांना घालायची ना ती नीळ, अगदी तसा. तांब्याच्या साठ्याचा वरचा भाग हवा-पाण्याने सडतो, तिथे नंतर तयार होणाऱ्या खनिजांपैकी हे एक. इथली गंमत म्हणजे काही तुकड्यांत आकार मॅलाकाइटचा (तांब्याचंच हिरवं खनिज) असतो पण आतला माल शॅटकाइटचा, म्हणजे हिरवं जाऊन त्याच जागी निळं बसलंय! असा एक जुन्या कलेक्शनमधला तुकडा मेन स्ट्रीटवरच्या एका दुकानात हातात घेऊन बघता आला, किंमत ऐकून परत ठेवला.

विकत घेणार असाल तर मालाचं गाव विचारा, कारण हल्ली बाजारात दिसतो तो बराचसा नामिबिया नाहीतर काँगोचा. तो वाईट नाही, उलट दिसायला भारीच, फक्त बिस्बीच्या भावात घेऊ नका. आणि क्रिसोकोला (तांब्याचंच निळं-हिरवं, पण हलकं खनिज) शॅटकाइट म्हणून खपवतात का ते हातावर तोलून बघा, शॅटकाइटची घनता ४ च्या वर, क्रिसोकोलाची जेमतेम २ च्या आसपास, पण हे सुट्ट्या तुकड्यालाच लागू, खाली क्वार्ट्झ वगैरे चिकटलेलं असेल तर वजनावरून काही कळत नाही. अंगठी करायचा बेत असेल तर सोडून द्या, कडकपणा (१ ते १० च्या मोह्‌ज मापावर) साडेतीनच्या आसपास, रोजच्या वापरात ओरखडे पडणार, पेंडंट चालेल.

क्वीन माइन टूर आधी बुक करा. खाण १९७५ला बंद पडली, आता छोट्या ट्रेनमधून आत नेतात, हेल्मेट-लाईट तेच देतात. आत वर्षभर ८-९ डिग्री असते, बाहेर मे महिना असला तरी स्वेटर न्याच. शॅटकाइट दिसेल म्हणून मात्र टूरला जाऊ नका, ती खाण वेगळी. जवळच मायनिंग म्युझियम आहे, ॲझुराइट (तांब्याचं आणखी एक निळं खनिज) आणि मॅलाकाइटसाठी तिथे तासभर ठेवा. लॅव्हेंडर पिट (तांब्याची जुनी उघडी खाण) रस्त्याकडेच्या जाळीतून दिसतो, फोटो काढा आणि निघा. दगड वेचायला कुठेही कुंपण ओलांडू नका, सगळी जागा खासगी आहे.

मेक्सिकोची बॉर्डर अगदी जवळ असल्याने परतीच्या वाटेवर बॉर्डर पेट्रोलचं चेकपॉइंट लागू शकतं, एच-१ व्हिसावाल्यांनी पासपोर्ट आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) जवळ ठेवा, फोनमधल्या फोटोवर राहू नका.