‘समजलं का?’ हा प्रश्न सोडून द्या

कॅन्सरचं औषध (केमो) देऊन त्याच दिवशी घरी सोडतात, त्या केमो डे-केअरमध्ये दुपारी चारनंतर घाई उडते. सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या पेशंटचा जीव एसटीत अडकलेला, मुलगा बिलाच्या रांगेत, आणि सिस्टर सुई काढता काढता सगळ्या सूचना एका दमात सांगून टाकतात. शेवटी विचारतात, ‘समजलं का?’ मान हलते. ती हलणारच, डॉक्टर-सिस्टरपुढे ‘नाही समजलं’ म्हणायची आपल्याकडे रीत नाही.

त्याऐवजी विचारावं, ‘बाबा, रात्री अंग तापलं तर काय कराल?’ बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘तापाची गोळी घेईन, सकाळी बघू.’ घोटाळा आहे तो इथेच. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. तेव्हा गोळीने ताप उतरतो, पण जंतुसंसर्ग आत वाढतच राहतो आणि कळेपर्यंत उशीर होतो. म्हणून 100.4 फॅरनहाइट दिसलं, की गोळीआधी फोन. आकडा कमी असूनही हुडहुडी भरली तरी फोन.

‘ताप आला तर’ एवढंच सांगूनही भागत नाही. अंगाला चटका बसला तरच तो ताप, नाहीतर ‘जरा कसर आहे’ म्हणून सोडून देणारी माणसं खूप. घरी थर्मामीटर आहे का, तो वाचणार कोण, हे विचारावं आणि त्या माणसाकडून एकदा समोर वाचून घ्यावं. रात्री उचलला जाणारा नंबर फाइलच्या पुठ्ठ्यावर ठळक लिहावा. खाली ‘केमो चालू आहे’ आणि शेवटच्या डोसची तारीख. लांबच्या गावचा पेशंट आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयातच पोचेल. तिथल्या डॉक्टरला ही एक ओळ पुरते.

काही गोष्टी औषधागणिक वेगळ्या. डॉक्सोरुबिसिन लाल असतं. एक-दोन दिवस लघवी लालसर होते आणि न सांगितल्यास घरच्यांना ते रक्तच वाटतं. ऑक्सॅलिप्लॅटिननंतर काही दिवस गारवा सोसत नाही, हातापायांना मुंग्या येतात, गार पाणी घशाला टोचतं. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला ‘थंड टाळा’ म्हणणं मोघम झालं. ‘डिसेंबरात पहाटे बागेत जाऊ नका, पाणी कोमट प्या’ हे लक्षात राहतं. सलाईनच्या जागी चुरचुरलं तर सिस्टर कितीही कामात असल्या तरी हाक मारायची, हेही सुई लावतानाच सांगावं. काही औषधं शिरेबाहेर गेली तर मांस जाळतात.

रेडिएशनला गावाकडे ‘शेक’ म्हणतात. शब्द सोपा, पण फसवा. घरी दुखलं की त्याच जागी गरम पाण्याची पिशवी ठेवली जाते आणि आधीच नाजूक झालेली कातडी सोलवटते. तिथे गरम काहीच लावायचं नाही, हे वेगळं सांगावं लागतं.

आणि दारातच अडवून मुलगा म्हणतो, ‘आईला सांगू नका, खचेल.’ त्याच्याशी वाद घालू नये. ‘आईंना काय वाटतंय, काय झालंय म्हणून?’ असं त्यालाच विचारावं. मग आत जाऊन आईंना: ‘आजाराबद्दल तुम्हाला किती सांगू? की मुलाशीच बोलू?’ पुष्कळदा आईंना सगळं ठाऊकच असतं. मुलगा खचेल म्हणून त्या गप्प असतात.