गुलमर्गमधली कोरडी संक्रांत

मी १९ वर्षे पर्यटकांचे गट घेऊन फिरते आहे आणि त्यांतली बरीच वर्षे दर हिवाळ्यात निदान एक गट स्कीइंग शिकवण्यासाठी गुलमर्गला नेते. रस्ते बंद होणे, विमाने रद्द होणे, कुणाला उंचीचा त्रास होणे या गोष्टी आमच्या कामात धरूनच चालाव्या लागतात आणि त्या निभावताही येतात. २०२४ च्या मकरसंक्रांतीच्या दिवशी मात्र यांतले काहीही घडले नव्हते. आकाश निरभ्र होते, सगळे १८ जण ठणठणीत होते, आणि तरीही माझ्या नोकरीतला तो सर्वांत अवघड दिवस ठरला.

गुलमर्गला त्या जानेवारीत बर्फ नव्हता. भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ काश्मीरवर बर्फ पाडतात. त्या हिवाळ्यात ते आलेच नाहीत किंवा आले ते पाऊस-बर्फ न देताच निघून गेले. २१ डिसेंबरपासून सुरू होणाऱ्या चाळीस दिवसांच्या कडक थंडीला काश्मिरी लोक ‘चिल्लई कलां’ म्हणतात. तिचा निम्म्याहून अधिक काळ कोरडा सरला होता. हे मला निघण्याच्या आठ दिवस आधी कळले होते. आमचा नेहमीचा स्की प्रशिक्षक फोनवर एवढेच म्हणाला होता, “मॅडम, इस बार घास दिख रही है.” मी ते कार्यालयात सांगितले, तेव्हा उत्तर मिळाले की काश्मीरचे हवामान एका रात्रीत पालटते, लोकांना उगाच घाबरवू नये आणि कुणीही सहल रद्द करता कामा नये. मी ते ऐकले. गटाला संदेश पाठवला, “हवामान स्वच्छ आहे, गरम कपडे मात्र भरपूर घ्या.” त्यातला शब्दन् शब्द खरा होता आणि तो वाचणाऱ्यांची फसवणूक होत होती, हे लिहितानाच मला ठाऊक होते.

गटात साताऱ्याकडचे एक निवृत्त एसटी वाहक आणि त्यांच्या पत्नी होत्या, पुण्यातले चार तरुण अभियंते होते, आणि एका शिक्षिकेसोबत सातवीत शिकणारी त्यांची मुलगी होती. त्या मुलीने दोन महिने रोज सकाळी भिंतीला पाठ टेकवून गुडघे वाकवून बसण्याचा सराव केला होता, कारण स्कीइंगमध्ये मांड्यांत जोर लागतो असे तिने कुठेतरी वाचले होते. दिल्लीला धुक्यामुळे विमान चार तास खोळंबले, तेव्हा सगळ्यांना धीर तिनेच दिला.

१४ तारखेला आम्ही तंगमर्गला पोहोचलो. तिथून गुलमर्गपर्यंतचा १३ किलोमीटरचा घाट एरवी जानेवारीत चाकांना साखळ्या लावल्याशिवाय चढता येत नाही. त्या दिवशी चालकाने साखळ्या बाहेरसुद्धा काढल्या नाहीत. भाड्याने लांब बूट आणि कोट देणारे दुकानदार दारात उन्हाला बसले होते. गाडीतल्या गप्पा वळणावळणाला कमी होत गेल्या. वर पोहोचलो तर समोर ते विस्तीर्ण पठार पिवळ्या-तपकिरी वाळलेल्या गवताचे होते आणि त्यावर घोडे चरत होते. कुणीही मला काही विचारले नाही. मीही “उद्या वर जाऊ, तिथे नक्की मिळेल” असे म्हणून खोल्यांच्या किल्ल्या वाटल्या. हे माझे दुसरे गोड बोलणे.

१५ तारखेला, संक्रांतीच्या सकाळी, प्रशिक्षक ठरल्या वेळी हजर झाला. त्याने सगळ्यांना कडक प्लास्टिकचे स्कीबूट घालायला लावले, बकला आवळून दाखवल्या आणि गवतावरच पहिला धडा सुरू केला. नडगी बुटाच्या पुढच्या जिभेवर दाबून उभे कसे राहायचे, पडायचे झाले तर कुशीवर कसे पडायचे, उतारावर आडवे उभे राहून एकेक पाऊल वर कसे चढायचे, हे सगळे त्याने दीड तास अशा गंभीरपणे शिकवले की जणू भोवती हातभर बर्फ आहे. काही जण कंटाळून बाजूला झाले. मुलगी आणि वाहककाका शेवटपर्यंत थांबले.

त्यानंतर आम्ही गोंडोल्याने, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या केबिनच्या रोपवेने, वर गेलो. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो गुलमर्गच्या सुमारे २,६५० मीटर उंचीवरून कोंगदूरीला, म्हणजे सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. २००५ मध्ये झालेला दुसरा टप्पा तिथून अफरवत डोंगराच्या खांद्यावर, ३,९०० मीटरच्याही वर जातो, पण तो उतार नवशिक्यांसाठी नाही. आमची सारी आशा कोंगदूरीवर होती. तिथे झाडांच्या सावलीत बर्फाचा एक पट्टा खरोखरच शिल्लक होता. तो पाहून मंडळींच्या चेहऱ्यांवर पहिल्यांदा हसू उमटले आणि माझाही जीव भांड्यात पडला.

प्रशिक्षक एकटाच पुढे गेला. त्याने हातातला पोल, म्हणजे स्कीइंगची काठी, त्या पट्ट्यात खुपसला. चार बोटे आत जाताच टक्‌ असा आवाज आला. चार पावले पुढे गेला, पुन्हा तोच आवाज. अशी सात-आठ ठिकाणे तपासून तो परत आला आणि म्हणाला, “नीचे पत्थर है. आज नहीं.”

अभियंत्यांपैकी एकाने आग्रह धरला. जबाबदारी आपली, हवे तर लिहून देतो, वर वेगळे पैसे देतो, असेही तो म्हणाला. त्याचा राग मला समजत होता. एवढ्या दुरून तो याच एका गोष्टीसाठी आला होता. प्रशिक्षकाने आवाज न चढवता समजावले. पातळ बर्फाखालच्या दगडात स्कीची कड अडकली की स्की जागच्या जागी थांबते, अंग मात्र पुढे जात राहते, आणि पाय ताठ बुटात जखडलेला असल्याने पीळ थेट गुडघ्यात जातो. नवशिका हळू पडतो आणि हळू पडताना बूट स्कीवरून सुटेलच याची खात्री नसते. एवढे सांगून त्याने स्की गोळा करायला सुरुवात केली.

खाली येताना केबिनमध्ये तो माझ्यासमोर बसला होता. त्याची वर्षाची कमाई डिसेंबरअखेर ते मार्च या अडीच महिन्यांवर चालते, आणि आमचा गट हे त्या मोसमातले त्याचे पहिले काम होते. मी फीचा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला की सकाळच्या धड्याचे तेवढे द्या, बाकीच्या दोन दिवसांचे कशाचे घेऊ? मग तो घरच्या सफरचंदांच्या बागेविषयी बोलू लागला. चिल्लई कलांमधले बर्फ गोठून टिकते आणि उन्हाळाभर झऱ्यांना पाणी पुरवते. फेब्रुवारीत पडलेले बर्फ लवकर वितळून जाते. त्याची आई रोज सकाळी उठून आधी डोंगराकडे पाहते, असे त्याने सांगितले. ज्याची रोजी बुडत होती तो माणूस भर उतारावर “आज नहीं” म्हणू शकला, आणि ठरलेला पगार मिळणारी मी आठ दिवस ते म्हणू शकले नव्हते. त्या दहा मिनिटांत मला मान वर करवेना.

रात्री जेवणानंतर वाहककाकांच्या पत्नीने साताऱ्याहून आणलेला तिळगूळ वाटायला काढला. “ताई, पहिला तुम्हाला. तिळगूळ घ्या, गोड बोला,” असे म्हणून त्यांनी माझ्या तळहातावर वडी ठेवली. मी ती खाऊ शकले नाही. सगळ्यांना बसायची विनंती केली आणि उभी राहून सांगितले की इथे बर्फ नाही हे मला निघण्यापूर्वी आठ दिवस माहीत होते, ते मी तुमच्यापासून लपवले, आणि त्याला कार्यालयाइतकीच मीही जबाबदार आहे.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग अभियंते बोलले आणि त्यांना जे वाटले ते त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यांतला एकही शब्द मी खोडून काढला नाही. शिक्षिकाबाई म्हणाल्या, “आधी सांगितले असते तरी आम्ही कदाचित आलोच असतो, पण पोरीला तशी तयारी करून आणले असते.” हे वाक्य मला सर्वाधिक लागले. वाहककाका एवढेच म्हणाले, “गाडी बंद पडली तर आम्ही खाली उतरून आधी प्रवाशांना सांगायचो. मग डेपोला.”

परतल्यावर मी घडलेले सारे लिहून दिले. स्कीच्या तीन दिवसांची रक्कम लोकांना तीन महिन्यांनी परत मिळाली, प्रवासाची मिळाली नाही. ती नोकरी मी त्याच वर्षी सोडली. आता माझे स्वतःचे लहान गट असतात, आणि निघण्याआधीचा पूर्ण आठवडा मी उताराचे त्या त्या दिवशी काढलेले छायाचित्र गटाला रोज पाठवते, ते कसेही असो.

गुलमर्गला बर्फ पडला तो जानेवारीच्या अगदी अखेरीस. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात प्रशिक्षकाने मला एक चित्रफीत पाठवली. मी ती शिक्षिकाबाईंना पुढे धाडली, तेव्हा त्यांच्या मुलीचा उलट प्रश्न आला, “काकांना विचारा, ते दगड झाकले गेले का?” मी विचारले. संध्याकाळी दुसरी चित्रफीत आली. कोंगदूरीच्या त्याच पट्ट्यावर तो उभा होता, त्याने पोल खाली दाबला, आणि पोल मुठीपर्यंत आत गेला.