तुम्ही विचारलंत म्हणून: संमोहनाने थकवा जातो का?

स्तनाच्या कर्करोगासाठी रेडिएशन चालू असताना मी समुपदेशनासोबत संमोहनही घेत होते, हे कळलं की प्रश्न ठरलेला: "म्हणजे तुला झोपवायचे? आणि थकवा गेला त्याने?"

झोपवत नव्हते. खुर्चीत डोळे मिटून, अंग सैल सोडून समुपदेशक बाईंचा आवाज ऐकायचा. सगळं ऐकू यायचं. नको वाटलं असतं तर उठून जाता आलं असतं.

थकवा मात्र नीट सांगायला हवा, कारण तो राबून आलेल्या थकव्यासारखा नसतो. रात्रभर झोपूनही सकाळी कपबशी विसळणं जिवावर येतं. आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे रेडिएशन, आणि थकवा साचत साचत शेवटाकडे सगळ्यात जास्त. हे सगळ्यांनी आधीच सांगितल्यामुळे मी रोज त्याची वाटच बघत असे. हे कळलं ते बाईंशी बोलण्यातून. मनात येईल ते मी वहीत लिहीत असे, त्यात एक वाक्य होतं: "आज भाजी बसून चिरावी लागली. आता माझ्याच्याने काहीच होणार नाही." बाईंनी विचारलं, "काहीच म्हणजे काय काय?" मोजायला बसले तर बरंच काही होत होतं. मग वाक्य बदललं: "बसून चिरली, पण चिरली." पुढच्या वेळी डोळे मिटल्यावर हेच वाक्य त्यांच्या आवाजात परत आलं. वहीत पटलेलं ते अंगात तेव्हा उतरलं. म्हणून मला बोलणं आणि संमोहन या दोन गोष्टी वेगळ्या करताच येत नाहीत.

हा केवळ माझा अनुभव नाही. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय या वैद्यकीय संस्थेतल्या गाय माँटगोमेरी आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली रेडिएशन घेणाऱ्या २०० स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. संमोहन न मिळालेल्या दुसऱ्या गटालाही आपुलकीने ऐकणारं माणूस दिलेलं होतं, तरी संमोहन आणि बोलण्याचे उपचार एकत्र मिळालेल्यांचा थकवा कमी राहिला. उपचार संपून सहा महिने झाल्यावरही.

माझा थकवा गेला नाही, कमी झाला. त्याची भीती मात्र बरीच गेली. संमोहनाने कर्करोगच बरा करतो म्हणणाऱ्याच्या दारात उभ्याही राहू नका. आणि थकव्याबद्दल आधी डॉक्टरांना सांगा. त्यामागे रक्त कमी असणं, थायरॉइड, वेदना, नैराश्य, काहीही असू शकतं. माझं हिमोग्लोबिन कमी निघालं होतं. आधी त्यावर उपचार झाले, मग ती खुर्ची.