आकाशगंगेची आवक

घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या गृहसंकुलात सर्वाधिक चर्चा होते ती गच्चीवरच्या टाकीची. पाणी किती आले, किती खर्च झाले, टँकर मागवावा लागेल का, हा हिशेब येथे शाळकरी मुलांनाही जमतो. आणि तो जमत असेल, तर सर्पिल दीर्घिकांचे, म्हणजे भोवऱ्यासारख्या वळणदार आकाराच्या अब्जावधी ताऱ्यांच्या समूहांचे, एक मोठे कोडे समजण्यास फारशी वेगळी तयारी लागत नाही. आपल्या आकाशगंगेत दरवर्षी साधारणपणे एक ते दोन सूर्यांच्या वस्तुमानाएवढ्या वायूचे तारे बनतात, आणि तिच्या तबकडीतील, म्हणजे तारे व वायू ज्यात फिरतात त्या चपट्या चकतीतील, शिल्लक वायू काही अब्ज सूर्यांएवढाच आहे. या दराने तो काही अब्ज वर्षांत संपेल. मात्र हा खर्च सुमारे १००० कोटी वर्षे चालू आहे आणि पूर्वी त्याचा वेग आजच्याहून अधिक होता. म्हणजे टाकीत बाहेरून पाणी पडत असलेच पाहिजे.

ही आवक काही ठिकाणी प्रत्यक्ष दिसतेही. १९६३ साली गेल स्मिथ या विद्यार्थिनीला नेदरलँड्समधील रेडिओ दुर्बिणीतून हायड्रोजनचा एक मेघ आढळला, तो आज ‘स्मिथचा मेघ’ म्हणून ओळखला जातो. किमान दहा लाख सूर्यांच्या वस्तुमानाचा हा मेघ सुमारे ३ कोटी वर्षांत तबकडीवर आदळेल. गंमत अशी की, हबल दुर्बिणीला त्यात अपेक्षेहून अधिक गंधक सापडले. गंधक ताऱ्यांमध्ये तयार होते, त्यामुळे हा वायू मुळात आपल्याच तबकडीतून उसळून बाहेर गेला असावा, असा तर्क पुढे आला. सगळी आवक नवी असतेच असे नाही.

मला खरे नवल वाटते ते दीर्घिकेच्या भुजांवर, म्हणजे तिच्या वळणदार पट्ट्यांवर, या आवकेचा जो परिणाम होतो त्याचे. सर्पिल भुजा म्हणजे तेच ते तारे कायम धरून ठेवणारी रांग नव्हे. ती घनतेची लाट आहे, आणि तारे तिच्यात शिरतात व बाहेर पडतात. परंतु प्रत्येक लाट ताऱ्यांच्या कक्षा थोड्या विस्कटून जाते, आणि कक्षा फार विस्कटल्या की पुढची लाट उठतच नाही. सेलवूड आणि कार्लबर्ग या खगोलशास्त्रज्ञांनी १९८४ साली संगणकावर दाखवले की, केवळ ताऱ्यांच्या तबकडीतील भुजा दहाएक परिभ्रमणांत विरून जातात. मात्र जवळजवळ वर्तुळाकार कक्षांतले नवे तारे मिळत राहिले, तर त्या पुन्हा पुन्हा उमटतात. असे तारे थंड वायूतूनच जन्मतात. सूर्याला एका फेरीस सुमारे २३ कोटी वर्षे लागतात, हे लक्षात घेतले तर आवकेविना आपल्या भुजा केव्हाच पुसल्या गेल्या असत्या.

उशिरा येणाऱ्या वायूत कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) सहसा अधिक असल्याने तो केंद्रापासून दूर स्थिरावतो, आणि तबकडी आतून बाहेर वाढत जाते. तो तिरका आला तर तबकडीची कडा वाकू शकते. आकाशगंगेच्या वाकलेल्या कडेचे हे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे.

दीर्घिकांच्या दाट समूहांत तप्त वायूच्या माऱ्याने ही रसद तुटते, आणि तेथे भुजा नसलेल्या भिंगाकार दीर्घिका मोठ्या प्रमाणात आढळतात. म्हणून एखाद्या सर्पिल दीर्घिकेचे छायाचित्र पाहताना मी वळणांपूर्वी निळे ठिपके शोधतो. इतके तप्त, निळे तारे काही कोटी वर्षांपलीकडे जगत नाहीत; ते दिसत असतील, तर तेथे वायू अलीकडेपर्यंत नक्कीच होता.