पोच दाखवा

मी एका आमदारांचा पीए आहे. पीए म्हटलं की लोकांना वाटतं बॅग धरणारा, फोन उचलणारा, तेही करतोच, पण अधिवेशन लागलं की खरं काम कागदाचं असतं. प्रश्न बनवायचे, लक्षवेध्या (एखाद्या तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणाऱ्या सूचना) टाकायच्या, उत्तरं आली की त्यातली भोकं शोधायची. मतदारसंघ पूर्व विदर्भातला, अनुसूचित जमातीसाठी राखीव, विधानसभेच्या २८८ पैकी अशा २५ जागा आहेत. नाव, गाव, तालुका काहीच सांगणार नाही, कारण ज्या ऑफिसबद्दल लिहितोय तिथे मला परत जावं लागतं आणि तिथला शिपाईसुद्धा मला ओळखतो.

कोविडमुळे दोन वर्षं नागपूरला हिवाळी अधिवेशन झालंच नव्हतं, त्यानंतरच्या एका अधिवेशनातली ही गोष्ट. विषय वनहक्क दाव्यांचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, २००६ चा कायदा आहे, १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जो आदिवासी जंगलाची जमीन कसून खातोय त्याला तेवढ्या जमिनीचा, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, पट्टा मिळतो. विकता येत नाही, वारसाला जातो. दावा आधी ग्रामसभेत, मग उपविभागीय समितीकडे, मग कलेक्टर साहेबांच्या जिल्हा समितीकडे. कागदावर फार चांगला कायदा आहे हो, मी तर म्हणतो आपल्याकडे ग्रामसभेला एवढा मान दुसऱ्या कुठल्याच कायद्यात नाही. आमच्याच भागात मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार थेट ग्रामसभेकडे आला, केंद्रीय मंत्री स्वतः गावात येऊन देऊन गेले. पण एक मेंढा झालं म्हणून बाकीच्या गावांचं झालं असं नसतं ना.

आमच्या तालुक्यातले वैयक्तिक दावे थोकात नामंजूर झाले होते. लक्षवेधी टाकली, आणि नवल म्हणजे लागली. अधिवेशनात लक्षवेध्यांचा ढीग येतो, मान्य होणाऱ्या थोड्या, आणि मान्य झालेल्यांपैकीही सभागृहात नंबर येईपर्यंत गोंधळ होऊन कामकाज तहकूब झालं की संपलं. आमची कामकाज पत्रिकेत बरीच खाली होती. आदल्या संध्याकाळी शासनाचं निवेदन हातात आलं. दीड पान. मी आमदार निवासाच्या खोलीत कॉटवर बसून वाचलं, दादा (आमदारांना आम्ही सगळे दादाच म्हणतो) बाथरूममधून ओरडून विचारतायत काय म्हणतंय सरकार, आणि मी ओरडून वाचतोय, "सर्व दावेदारांना निर्णय लेखी कळविण्यात आला असून विहित मुदतीत एकही अपील प्राप्त झालेले नाही." म्हणजे चूक लोकांचीच. आम्ही सांगितलं, ते आलेच नाहीत.

आता इथे नियम काय आहे ते सांगतो कारण सगळी गंमत त्यातच आहे. २०१२ मध्ये नियमांत दुरुस्ती झाली. दावा नाकारायचा किंवा त्यात बदल करायचा तर सविस्तर कारण लिहावं लागतं. नुसतं पत्र टपालात टाकून भागत नाही, दावेदाराला प्रत्यक्ष कळवावं लागतं, आणि तिथून साठ दिवस त्याला अपिलासाठी मिळतात. ग्रामसभेचा ठराव अपुरा वाटला तर दावा फेटाळायचा नाही, फेरविचारासाठी परत ग्रामसभेकडे पाठवायचा. सॅटेलाइटचा फोटो जोडीला वापरता येतो पण बाकीच्या पुराव्यांच्या बदली फक्त तोच धरता येत नाही. शिवाय जिल्हा समितीने नाकारलं तरी आपल्या राज्यातल्या आदिवासी अनुसूचित भागात २०२० पासून विभागीय आयुक्तांच्या समितीकडे जायची सोय आहे, राज्यपालांच्या अधिसूचनेने झालेली. एवढ्या पायऱ्या. पण पहिल्याच पायरीवर माणसाला कळलंच नाही की आपला दावा गेला, तर तो पुढची पायरी चढणार कुठून.

त्या दिवशी दुपारीच गावातून पिशवी आली होती. वनहक्क समितीचा सचिव, एक बारीकसा पोरगा, बीए झालेला, ट्रॅव्हल्सने रात्रभर बसून आला आणि ती पिशवी त्याने मांडीवरून खाली ठेवली नव्हती म्हणे. आत नामंजुरीची पत्रं. मी ती कॉटवर पसरली. सायक्लोस्टाईल केल्यासारखी सगळी एकसारखी, नाव आणि गट नंबर तेवढा पेनाने भरलेला. कारणाच्या जागी काय, तर रबरी शिक्का. जांभळ्या शाईचा. "पुराव्याअभावी अमान्य." प्रत्येक पत्रावर तोच. एका पत्रावर तर शिक्का उलटा पडलेला, म्हणजे मारणाऱ्याने पाहिलंपण नाही, एका मागोमाग एक ठोकत गेला असणार. आणि पत्राखालची तारीख फेब्रुवारीची, पण पोरगा सांगतो गावात ही पत्रं वाटली गेली पावसाळ्यात, धानाची रोवणी चालू असताना, कोतवाल गठ्ठा घेऊन आला आणि पारावर ठेवून गेला. ज्याचं त्याने उचला.

त्याच गठ्ठ्यात एका आजीच्या दाव्याची झेरॉक्स होती आणि सोबत तिने दिलेला पुरावा. वनखात्याची दंडाची पावती. तिच्या नवऱ्याच्या नावाची, १९८० च्या दशकातली, जंगलाच्या अमुक कंपार्टमेंटमध्ये, म्हणजे तुकड्यात, बेकायदेशीर नांगरणी केली म्हणून दंड वसूल. कागदाच्या घड्या फाटून चार तुकडे झालेले, मागून भाकरीच्या पिठाने की कशाने चिकटवलेले. आता मला सांगा, ज्या खात्याने त्या माणसाला शेत नांगरतो म्हणून दंड केला तेच सरकार म्हणतं तो तिथे नांगरत होता याचा पुरावा नाही. सोबत गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे जबाब होते, बांधावरच्या मोहाच्या झाडांची नोंद होती. नियम म्हणतो एकापेक्षा जास्त पुरावे बघा, इथे तीन होते. वर जांभळा शिक्का.

रात्री दादांशी वाद झाला. दादांना भाषण करायचं होतं. मला त्यांचं पटतही होतं, दादा स्वतः आश्रमशाळेत शिकलेले, घरी अजून गोंडी बोलतात, आणि अधिवेशन डिसेंबरातलं. १९ डिसेंबर १९४६ ला आदिवासींचे नेते जयपालसिंग मुंडा संविधान सभेत उभे राहिले होते, स्वतःला जंगली म्हणवून घेत म्हणाले होते की आदिवासींना लोकशाही शिकवायची नसते, त्यांच्याकडून ती शिकायची असते. दादांना ते पूर्ण म्हणून दाखवायचं होतं. मी म्हटलं दादा, भाषणाला बाकं वाजतील, रील होईल, गावात तुमच्या फोटोला हार पडतील, आणि मंत्री उत्तरात म्हणतील "सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी मी सहमत आहे." झालं. भावनांशी सहमत होणाऱ्या मंत्र्याकडून आजपर्यंत काय मिळालंय ते सांगा. लक्षवेधीत भाषणाला जागाच नसते, निवेदन छापील असतं, थेट प्रश्न विचारायचा. त्यापेक्षा असा एकच प्रश्न विचारा ज्याचं उत्तर अधिकाऱ्यांच्या चिठ्ठीवर येऊ शकत नाही. दादा बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, लिही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडी रोडला मोर्चे अडवलेले, त्यातल्या एका मोर्चाचं निवेदन घ्यायला दादा गेले. नागपूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी, २३ नोव्हेंबर १९९४ ला याच शहरात विधानभवनावर निघालेल्या गोवारींच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन ११४ माणसं गेली, त्यांचं स्मारक झिरो माईलजवळ आहे. अनुसूचित जमातीचा दाखला एवढीच मागणी होती. हायकोर्टात २०१८ मध्ये जिंकले, २०२० मध्ये सुप्रीम कोर्टात तो निकाल उलटला. त्या स्मारकावरून आमची गाडी रोज जाते, आणि आत पोचल्यावर एसीत बसून पुरवणी मागण्या वगैरे चालू असतात तेव्हा बाहेरचं काही ऐकूच येत नाही, इमारतच तशी आहे.

आमचा नंबर दुपारनंतर लागला. मी प्रेक्षक गॅलरीत, मोबाईल खाली जमा, त्यामुळे नुसतं बघायचं. सभागृह अर्धं रिकामं, तालिकेवरचे अध्यक्ष, म्हणजे अध्यक्ष नसताना कामकाज चालवणारे सदस्य, खुर्चीत. दादा उठले, "जय सेवा, जोहार" म्हणाले, मागच्या बाकावरून कोणीतरी जोहार परत दिला, आणि दादांनी सरळ विचारलं, निवेदनात म्हटलंय सर्वांना लेखी कळवलं, तर मंत्रिमहोदयांनी सांगावं कुठल्या तारखेला कळवलं आणि दावेदाराच्या सहीची किंवा अंगठ्याची एक पोच, फक्त एक, सभागृहाच्या पटलावर ठेवावी.

अधिकारी गॅलरीत जी हालचाल झाली ती मी वरून पाहिली. एकाने फाईल उघडली, दुसऱ्याने त्याच्याकडून ओढली, तिसरा फोनवर बोलायला बाहेर. चिठ्ठी गेली. मंत्र्यांनी वाचली, परत अधिकाऱ्यांकडे बघितलं. दुसरी चिठ्ठी गेली. मंत्री म्हणाले पत्रं पाठवल्याची जावक नोंद आहे. दादा म्हणाले जावक नको, पोच. मग त्यांनी शिक्क्याचं पत्र उंच धरलं, तो उलटा पडलेलाच, आणि म्हणाले हे कारण आहे का ते सांगा. खसखस पिकली. त्यात एक सदस्य उठले आणि त्यांनी रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचा उपप्रश्न टाकला, विषय भरकटतोय की काय म्हणून माझ्या पोटात गोळा, पण समोरच्या बाजूच्या एक ताई, विरोधी पक्षातल्या, त्यांनी तो परत आणला. त्या म्हणाल्या आमच्याकडेही हेच आहे, बिगर आदिवासी वननिवासींना तर तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा लागतो, त्यांना कोण कारण देणार. पक्ष विसरून असं कोणी उभं राहिलं की बरं वाटतं, फार वेळा होत नाही.

मंत्री आधी म्हणाले "तपासून घेऊ." दादा बसले नाहीत. इथे रात्रीची तयारी कामी आली, कारण "तपासून घेऊ" हवेत जातं, आणि अमुक मुदतीत अमुक करू असं सभागृहात म्हटलं की ते आश्वासन होतं, आश्वासन समितीकडे त्याची नोंद जाते, खात्याला वर्षभराने का होईना तोंड दाखवावं लागतं. शेवटी अध्यक्षांनीच मंत्र्यांना सांगितलं की नेमकं सांगा. मंत्री म्हणाले, ज्यांना प्रत्यक्ष कळवल्याची पोच नाही त्यांची साठ दिवसांची मुदत आता नव्याने पत्र मिळाल्यापासून मोजली जाईल आणि कारणं लेखी दिली जातील. दादांनी तेवढ्यात जयपालसिंग मुंडा सुरू केलेच, अध्यक्ष बेल वाजवतायत, "सन्माननीय सदस्य, झालं तुमचं," तरी दोन वाक्यं रेकॉर्डवर गेली. मी खाली आल्यावर दादांनी माझ्याकडे बघून डोळा मारला.

पुढे काय झालं, तर नवीन पत्रं निघाली, या वेळी तलाठी आणि ग्रामसेवक घरोघर गेले, कारणाच्या जागी दोन दोन ओळी पेनाने. काही ओळी अजूनही थातूरमातूर आहेत. बरेच दावे फेरविचाराला ग्रामसभेत परत आले. आजीचा दावा मंजुरीच्या यादीत आहे पण मोजणी व्हायचीय, जीपीएस घेऊन येणारा माणूस एकच आणि तालुके अनेक, आणि पट्टा हातात पडेपर्यंत मी तिला झालं म्हणून सांगणार नाही. मोजणीवर तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, तयार आहे, येत्या अधिवेशनाला टाकतोय.

गावातली पोरं मात्र तेव्हापासून कुठलाही सरकारी कागद घेताना तारीख टाकून सही करतात, पोच घेतात आणि फोटो काढून मला पाठवतात. रेशनचा, घरकुलाचा, लाइट बिलाचा, माझं व्हॉट्सअॅप त्यानेच भरलंय. परवा त्या सचिव पोराने स्वतःच्या लग्नाची पत्रिका आणून दिली आणि टेबलावरचं रजिस्टर पुढे सरकवून म्हणाला, साहेब, सही करा, तारखेसकट.